आई-वडील आठवडाभर दुबईला जात आहेत. त्यांच्या फोनवर रोमिंग पॅक घ्यावा की तिथले सिम?

तुम्ही विचारले आहे की दिवसाला किती जीबी पुरतील आणि सर्वांत स्वस्त काय पडेल. पण त्याच प्रश्नात तुम्ही असेही लिहिले आहे की आईला रोज रात्री नातवंडांशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करायचा असतो. दुबईच्या बाबतीत निर्णय या दुसऱ्या वाक्यावर अवलंबून आहे. जीबींचा हिशोब त्यानंतर करावा.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश, फोटो आणि व्हॉइस नोट व्यवस्थित जातात. कॉल मात्र, आवाजी असो वा व्हिडिओ, तिथल्या नेटवर्कवर लागत नाहीत. इंटरनेटवरून कॉल करण्याची मुभा कोणत्या ॲपला द्यायची हे तिथली दूरसंचार नियामक संस्था ठरवते, आणि एतिसलात व दु या कंपन्या उरलेल्या ॲपचे कॉल अडवतात. हॉटेलातले वायफायसुद्धा याच कंपन्यांच्या जोडणीवर चालत असल्यामुळे ‘रात्री खोलीवर गेल्यावर वायफायवरून बोलू’ हा बेत तिथे फसतो. मी काही वर्षे शारजात नोकरीला होतो. भारतातून आलेले बहुतेक पाहुणे पहिल्याच संध्याकाळी फोन बिघडल्याची तक्रार करीत, आणि फोन धडधाकट आहे हे पटवण्यात माझा अर्धा तास जाई.

भारतीय क्रमांकावर रोमिंग पॅक घेतला की ही अडचण बहुतेक वेळा उद्भवत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रोमिंगमध्ये फोन दुबईच्या टॉवरला जोडलेला असला तरी त्याचा डेटा सहसा थेट तिथल्या इंटरनेटवर जात नाही. तो आधी तुमच्या भारतीय कंपनीच्या यंत्रणेपर्यंत आणला जातो आणि तिथून पुढे सोडला जातो, म्हणून इंटरनेटच्या दृष्टीने तो फोन भारतातच असतो. या फेऱ्यामुळे एखादे पान उघडायला थोडा अधिक वेळ लागतो हे खरे, पण नातवंडांचा कॉल तरी भारतातच यायचा असल्याने त्या कॉलला हा फेरा फारसा जाणवत नाही. तिथल्या सिमवर तेवढ्याच पैशांत कितीतरी अधिक डेटा मिळेल हे मान्य करूनही वडिलांच्या फोनसाठी मी भारतीय कंपनीचा रोमिंग पॅकच सुचवेन. व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी दुसऱ्या देशातून वळवणारे ॲप) वापरून अडवलेले कॉल लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. तिथल्या कायद्यात व्हीपीएनच्या गैरवापराला जबर दंड आहे आणि वडीलधाऱ्यांना त्या भानगडीत पाडण्याचे काही कारण नाही.

दुसरे कारण ओटीपीचे आहे. बँकेचे एसएमएस भारतीय क्रमांकावरच येणार, त्यामुळे ते सिम फोनमधून काढून पाकिटात ठेवणे ही सर्वांत गैरसोयीची गोष्ट ठरते. यूपीआयचे ॲपही सिमशी बांधलेले असते. सिम बाहेर काढले तर ते पुन्हा पडताळणी मागू शकते, आणि परदेशात बसून ती पूर्ण करणे त्रासाचे होते.

ई-सिमचा, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू करता येणाऱ्या सिमचा, पर्याय तुम्ही विचारला आहे, म्हणून त्याविषयी थोडे. फोनवर *#०६# दाबल्यावर येणाऱ्या क्रमांकांत ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर त्या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. कमी किमतीच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते. शिवाय एअरालो आणि होलाफ्लाय ही प्रवाशांना ई-सिम विकणारी परिचित ॲप जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून भारतातील ॲप स्टोअरवरून काढली गेली, कारण परदेशी सिम विकण्यासाठी लागणारे ना हरकत प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. तुम्ही स्वतः सोबत जाणार असता तर ई-सिमवर डेटा आणि भारतीय सिमवर फक्त एसएमएस अशी विभागणी मी सुचवली असती. सत्तरीच्या जोडप्याला दोन सिमच्या सेटिंगमध्ये गुंतवू नये.

पॅक घेताना किमतीपेक्षा अटींकडे अधिक लक्ष द्या. पॅकचा एक दिवस पहिल्या वापरापासून २४ तासांचा आहे की भारतीय वेळेनुसार मध्यरात्री संपणारा, हे पाहा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने दुसऱ्या प्रकारात तिथे रात्री साडेदहालाच दिवस संपतो, आणि तुमच्या आईच्या कॉलची वेळ नेमकी त्याच्या आसपास असेल. प्रीपेडच्या मूळ रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे असावी. नकाशे, संदेश आणि रोजचा एक कॉल एवढ्याला दिवसाला एक जीबी पुरेसा आहे, मात्र व्हॉट्सॲपचे रोमिंगमधील स्वयंचलित डाउनलोड आणि गूगल फोटोंचा मोबाइल डेटावरचा बॅकअप निघण्यापूर्वी तुम्ही स्वतः बंद करून द्या, नाहीतर ‘शुभ सकाळ’च्या व्हिडिओंतच तो जीबी संपेल.

आई-वडील मॉलमध्ये वेगवेगळे फिरणार असतील तर आईच्या फोनवरही लहानसा पॅक हवा. दोघांचेही क्रमांक भारतीय असल्याने एकाच मॉलमधून एकमेकांना केलेला साधा फोनदेखील भारतात केलेला कॉल म्हणूनच मोजला जातो, आणि घेणाऱ्यालाही रोमिंगवर येणाऱ्या कॉलचे पैसे पडतात. दोघे कायम बरोबर असतील तर वडिलांच्या हॉटस्पॉटवर भागेल.

विमानात बसल्यावर फ्लाइट मोड लावायला त्यांना आवर्जून सांगा. काही विमानांत स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असते, त्याचे दर वेगळे व भारी असतात आणि अमिरातीचा पॅक तिथे लागू होत नाही. टूरच्या कार्यक्रमात मुसंदमची नौकासफर आहे का, हेही पाहून घ्या. दुबईहून एका दिवसात जाऊन येता येत असले तरी मुसंदम हा ओमानचा भाग आहे. तिथे फोन ओमानच्या नेटवर्कला जोडला जाईल. त्यामुळे एकतर दोन्ही देशांना चालणारा पॅक घ्या, नाहीतर त्या दिवशी सीमा ओलांडण्यापूर्वी डेटा रोमिंग बंद करायला वडिलांना शिकवून ठेवा.