पहिल्या मे महिन्यासाठी

परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी मुलं ग्रंथालयाच्या दारात हजर, त्यामुळे तयारी एप्रिल लागतानाच कर. शिफारशींची यादी फळ्यावर डकवून मोकळी होऊ नकोस. ती आया वाचतात, मुलं नाही. त्यापेक्षा बालविभागातली वीसेक पुस्तकं देवघेवीच्या टेबलावर मुखपृष्ठ दिसेल अशी मांड. आमच्याकडे पक्ष्यांवरचं एक पुस्तक कित्येक वर्षं कपाटात धूळ खात होतं. टेबलावर आलं नि तीन दिवसांत गेलं!

"कितवीत आहेस?" असं विचारण्यापेक्षा "अर्धवट कुठलं सोडलंस?" असं विचार. त्यावरून आवड पटकन कळते.

ऑनलाइनचं म्हणशील तर आधी एकच साधन हाताखालून जाऊ दे. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ 2015 पासून आहे. मराठी गोष्टी फुकट, वाचनपातळीनुसार लावलेल्या, परवानाही मुक्त. श्रेय देऊन छापता येतात. निवडलेली गोष्ट मात्र आधी स्वतः मोठ्यानं वाच. जिथं तुझी जीभ अडखळेल तिथं मूलही अडखळणार. आणि पीडीएफ आदल्या दिवशीच उतरवून ठेव. एकदा पंचवीस मुलं सतरंजीवर बसली नि नेट गेलं. शेवटी मी भुताची गोष्ट तोंडीच रेटली. (तीच सगळ्यांना आवडली, हे वेगळं.)

मोठ्या मुलांना मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर सोड. "उंटाच्या मदारीत काय असतं?" असं विचार. सगळे पाणी म्हणतात, निघते चरबी. मग अर्धा तास शांतता.

आणि हो, मेमधली पुस्तकं मामाच्या गावाला जातात. परतीची तारीख जूनचीच टाक.