प्रतिपिंड सापडले आहे. त्याचे औषध होण्यासाठी आणखी काय लागते?

आपला प्रश्न असा आहे: प्रयोगशाळेत एखाद्या प्रथिनाला अतिशय घट्ट चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे परक्या पदार्थाला ओळखून चिकटणारे शरीराचे संरक्षक प्रथिन) हाती आले, तर त्याचे औषध बाजारात येईपर्यंत काय काय घडावे लागते, त्याला दहा-बारा वर्षे का लागतात, आणि मुख्य शोध झालेला असताना उरलेला प्रचंड खर्च कशावर होतो? मी काही वर्षे प्रतिपिंडांच्या शुद्धीकरणाच्या विभागात काम केले आहे. त्यामुळे माझे उत्तर थोडे कारखान्याच्या बाजूला झुकलेले असेल, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे प्रतिपिंड सापडणे हाच मुख्य शोध. एके काळी ते खरे होते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी प्रतिपिंड तयार करणाऱ्या उंदराच्या पेशीचा मायलोमा या कर्करोगाच्या अमर पेशीशी संकर घडवला आणि एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेने आलेले पहिले औषध, म्युरोमोनॅब, १९८६ मध्ये मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतरचा नकार रोखण्यासाठी अमेरिकेत मंजूर झाले. परंतु ते पूर्णपणे उंदराचे प्रथिन होते, आणि रुग्णांचे शरीर त्यालाच परके मानून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागले. पुढची दीड-दोन दशके मुख्यतः उंदराचा हा अंश कमी करण्यात गेली. आधी उंदराचा आणि माणसाचा भाग जोडलेली संमिश्र प्रतिपिंडे आली. ग्रेगरी विंटर यांनी १९८६ मध्ये उंदराच्या प्रतिपिंडातील केवळ चिकटणारे वळसे मानवी प्रतिपिंडावर बसवून दाखवले. जॉर्ज स्मिथ यांच्या १९८५ च्या फाज-प्रदर्शन तंत्राचा (यात जिवाणूंना ग्रासणाऱ्या फाज विषाणूंच्या पृष्ठभागावर प्रथिने मांडून हवे ते निवडतात) विंटर व इतरांनी प्रतिपिंडांसाठी उपयोग केल्यावर तर परीक्षानळीतच मानवी प्रतिपिंडे निवडता येऊ लागली. त्या तंत्रातून निघालेले संधिवातावरील औषध अॅडॅलिम्युमॅब २००२ च्या ३१ डिसेंबरला मंजूर झाले. आज कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेला काही महिन्यांत घट्ट चिकटणारी डझनभर प्रतिपिंडे मिळू शकतात. स्पष्टच सांगायचे तर, आपल्या हाती जे आहे ती या साखळीतील सर्वांत स्वस्त कडी आहे.

महाग कडी आहे ती लक्ष्याची निवड, म्हणजे ज्या प्रथिनाला प्रतिपिंड चिकटते ते अडवल्याने रोग खरोखर हटतो का, या प्रश्नाचे उत्तर. सेंटोकॉर या अमेरिकी कंपनीची गोष्ट यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. रक्तात जंतुसंसर्ग पसरून होणाऱ्या सेप्सिससाठी तिने जंतूंच्या विषाविरुद्धचे एक प्रतिपिंड विकसित केले. १९९१ मध्ये युरोपात त्याला मंजुरी मिळू लागली, आणि कंपनीने कारखाना व विक्रीयंत्रणा उभारण्यावर मोठा पैसा ओतला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उपलब्ध पुरावा अपुरा ठरवून नवी चाचणी मागितली. १९९३ मध्ये, ज्या रुग्णांना ते विष असणाऱ्या जातीच्या जंतूंचा संसर्ग नव्हता त्यांच्यातील मृत्यूंचा आकडा पाहून ती चाचणी थांबवावी लागली आणि औषध मागे घेतले गेले. कंपनी बुडण्याच्या बेतात होती. तिला वाचवले ते अॅब्सिक्सिमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब या दुसऱ्या दोन प्रतिपिंडांनी, आणि १९९९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ती सुमारे ४.९ अब्ज डॉलरना विकत घेतली. यांतील इन्फ्लिक्सिमॅबची गंमत अशी की, तो रेणू ज्याला अडवतो त्या टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा प्रयोगही आधी सेप्सिसवरच झाला होता आणि तिथे फसला होता. संधिवात आणि आतड्यांचा दाह यांत मात्र तेच लक्ष्य अचूक ठरले.

याच्या उलट उदाहरण ट्रास्टुझुमॅबचे आहे. १९९८ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा अर्बुदात, म्हणजे कर्करोगाच्या गाठीत, हर-२ हे प्रथिन जास्त प्रमाणात आहे का हे तपासणारी चाचणीही त्याच्यासोबत मंजूर झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पाचांपैकी एकाच रुग्णात ते प्रथिन वाढलेले असते. सर्व रुग्णांना सरसकट औषध देऊन चाचणी घेतली असती, तर त्या एकाला झालेला लाभ उरलेल्या चौघांच्या आकड्यांत विरून गेला असता. आपल्या प्रतिपिंडाचा उपयोग कोणाला होईल हे ओळखण्याचे साधन हाती नसेल, तर उत्तम रेणूही चाचणीत नापास होऊ शकतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत २००६ ची लंडनमधील घटना या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक असते. टीजीएन १४१२ नावाचे, शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील टी-पेशींना थेट उत्तेजित करणारे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना काही मिनिटांच्या अंतराने दिले गेले. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच ती मात्रा होती, तरीही सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात पोहोचले. चाचणीत वापरलेल्या माकडांच्या विशिष्ट स्मृती-टी-पेशींवर ते लक्ष्य नसते, माणसाच्या पेशींवर असते, हे कारण नंतर पुढे आले. तेव्हापासून पहिली मात्रा ठरवताना केवळ प्राण्यांना काय सोसले याकडे पाहत नाहीत. माणसाच्या पेशींवर किमान परिणाम कोणत्या पातळीला दिसतो याचा हिशेब मांडतात, आणि स्वयंसेवकांना एकामागून एक, पुरेसे थांबून औषध देतात. चाचण्यांच्या तीन टप्प्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. मानवी चाचण्यांत उतरलेल्या प्रतिपिंडांपैकी अंदाजे पाचांतील एकच मंजुरीपर्यंत पोहोचते, आणि अपयशी चौघांचा खर्च यशस्वी एकाच्या किमतीत चढतो.

आता माझ्या विभागाकडे येतो. अॅस्पिरिनच्या रेणूचे वजन १८० डाल्टन, तर प्रतिपिंडाचे सुमारे १,५०,०००. एवढा मोठा, चार साखळ्यांचा, वर शर्करेच्या साखळ्या लटकलेला रेणू रसायनशाळेत जोडता येत नाही; तो जिवंत पेशीकडूनच करवून घ्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचे वंशज वापरतात. सुरुवातीच्या काळात एक लिटर माध्यमातून मिलिग्रॅममध्ये मोजावे एवढेच प्रतिपिंड मिळे. आज लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम ही सामान्य अपेक्षा आहे, आणि मोठ्या कारखान्यांतील पोलादी टाक्या १०,००० लिटर व त्याहून मोठ्या असतात. हा पल्ला गाठणे आवश्यकच होते, कारण प्रतिपिंडाची मात्रा मोठी असते. रक्तपेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिनसारखे प्रथिन मायक्रोग्रॅममध्ये पुरते, तर रिटुक्सिमॅब या कर्करोगावरील प्रतिपिंडाचा एकच डोस अर्ध्या ग्रॅमच्या पुढे जातो.

टाकीतून निघालेल्या द्रवात प्रतिपिंडाबरोबर पेशींची हजारो प्रथिने, डीएनए आणि कदाचित विषाणूही असतात. पहिल्या पायरीवर तो द्रव प्रोटीन-ए लावलेल्या स्तंभातून जातो. प्रतिपिंड तेथे धरले जाते आणि आम्लाने सोडवले जाते. मग साधारण ३.५ च्या आसपासच्या सामूला ते तासभर तसेच ठेवतात, म्हणजे आवरण असलेले विषाणू निकामी होतात. माझ्या एका प्रकल्पात याच तासाने आमचा घात केला. प्रतिपिंड लक्ष्याला अप्रतिम चिकटत होते, प्राण्यांवरील निकाल देखणे होते, ते बनवणारा पेशीवंश (एकाच पेशीपासून वाढवलेल्या पेशी) निवडून झाला होता. आणि आम्लात ठेवल्यावर अर्ध्या तासात द्रव दुधाळ झाला. रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होत होत्या. सामू थोडा वर नेला तर गुठळ्या कमी होत, पण विषाणू पुरेसे मरतात याचा पुरावा दुबळा पडे. सहा-सात महिने आम्ही क्षार बदलले, साखरा घातल्या, वेळ कमी-जास्त केली. शेवटी प्रतिपिंडातील एक अमिनो आम्ल बदलावे लागले. याचा अर्थ नवा जनुकक्रम, नवा पेशीवंश आणि जवळजवळ प्रत्येक चाचणी पुन्हा. ज्यांनी मूळ प्रतिपिंड शोधले होते त्यांना पहिल्याच महिन्यात हा दोष दोन दिवसांच्या प्रयोगात दिसू शकला असता. पण तेव्हा तो प्रयोग करण्याचा प्रघात आमच्याकडे नव्हता, आणि खरे सांगायचे तर आमच्या विभागाला कोणी विचारलेही नव्हते.

रुग्णाला घरी स्वतः टोचता येईल असे औषध करायचे असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. त्वचेखाली सहज देता येणारा द्रव एक-दोन मिलिलिटर. त्यात शंभर-दीडशे मिलिग्रॅम किंवा अधिक प्रतिपिंड मावले पाहिजे. एवढ्या दाट द्रावणात काही प्रतिपिंडे मधासारखी घट्ट होतात आणि सुईतून पुढे सरकत नाहीत.

शर्करेच्या साखळ्यांचा उल्लेख वर ओझरता झाला, पण तो ओझरता विषय नाही. प्रतिपिंडाच्या शेपटाकडील साखळीत फ्यूकोज नावाची एक शर्करा कमी असेल, तर मारक पेशी त्याला अधिक घट्ट धरतात आणि लक्ष्यपेशी अधिक जोमाने मारल्या जातात. २०१३ मध्ये मंजूर झालेले ओबिनुटुझुमॅब याच तत्त्वावर घडवलेले आहे. आता, ही साखळी कशी होईल हे पेशीला मिळणारे पोषण, तापमान, टाकीतील प्राणवायू यांवरही अवलंबून असते. म्हणून आमच्याकडे ‘प्रक्रिया हेच उत्पादन’ असे म्हणत, आणि म्हणूनच पेटंट संपल्यावर गोळ्यांच्या नकलेइतकी स्वस्त नक्कल येथे होत नाही. नक्कल करणाऱ्याला मूळ पेशीवंश मिळत नाही. त्याला उलट दिशेने चालत जाऊन सारखेपणा सिद्ध करावा लागतो. अशा बायोसिमिलरच्या विकासाला सर्वसाधारणपणे १० ते ३० कोटी डॉलर लागतात असा अंदाज दिला जातो. युरोपने पहिले बायोसिमिलर प्रतिपिंड, इन्फ्लिक्सिमॅबचे, २०१३ मध्ये मंजूर केले. गमतीची बाब अशी की, बाजारातील मूळ रिटुक्सिमॅबच्या काळानुसार वेगवेगळ्या खेपा तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याही शर्करासाखळ्या बदललेल्या आढळल्या. म्हणजे मूळ औषधही स्वतःची हुबेहूब प्रत राहत नाही.

पेटंटांकडे तरुण संशोधक फार उशिरा पाहतात. कोहलर-मिलस्टीन यांच्या पद्धतीचे पेटंट घेतलेच गेले नाही. ब्रिटनच्या ज्या संस्थेकडे ते काम होते तिला त्यातून तातडीचा व्यावहारिक उपयोग दिसला नव्हता. याउलट जेनेन्टेक या अमेरिकी कंपनीच्या कॅबिली पेटंटांनी, म्हणजे प्रतिपिंडाच्या जड व हलक्या साखळ्या एकाच पेशीत तयार करण्याच्या हक्कांनी, २०१८ च्या अखेरीपर्यंत या उद्योगातील अनेकांकडून परवानाशुल्क वसूल केले. अॅडॅलिम्युमॅबच्या रेणूचे मुख्य अमेरिकी पेटंट २०१६ मध्ये संपले, परंतु मात्रा, द्रावण, निर्मितीप्रक्रिया यांवरील शंभराहून अधिक पेटंटांच्या तटबंदीमुळे आणि त्यानंतर झालेल्या तडजोडींमुळे अमेरिकेत त्याची बायोसिमिलर २०२३ मध्येच उतरली. युरोपात ती २०१८ मध्ये आली होती. मधल्या २०२२ या एका वर्षात त्याची जागतिक विक्री २१ अब्ज डॉलरच्या पुढे होती. मोठ्या प्रमाणावर तयार केलेल्या प्रतिपिंडाचा निर्मितीखर्च ग्रॅममागे काही दहा ते काही शे डॉलर एवढा खाली आलेला असताना विक्रीची किंमत त्याच्या कितीतरी पट का असते, याचे बरेचसे उत्तर टाक्यांत नसून या तटबंदीत आहे, असे माझे मत आहे.

आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा निकाल २०२३ चा आहे. कोलेस्टेरॉलशी निगडित पीसीएसके-९ या प्रथिनाच्या ठरावीक भागाला चिकटून त्याचे कार्य अडवणाऱ्या सर्व प्रतिपिंडांवर अॅमजेन या कंपनीने पेटंटद्वारे हक्क सांगितला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला, कारण अर्जात क्रम दिले होते केवळ २६ प्रतिपिंडांचे. म्हणजे आज ‘या लक्ष्याला चिकटणारे कोणतेही’ अशा भाषेवर विसंबणे धोक्याचे आहे. आपल्या प्रतिपिंडाचा प्रत्यक्ष क्रम आणि त्याची जवळची रूपे हीच आपली मालमत्ता.

मंजुरी मिळाली म्हणजे औषध चालले, असेही नाही. अल्झायमरवरील अॅड्युकॅन्युमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत घाईची मंजुरी मिळाली, वर्षाला ५६,००० डॉलर किंमत ठरली, टीकेनंतर ती निम्म्यावर आणली. पण लाभाचा पुरावा संदिग्ध असल्याने २०२२ मध्ये तेथील सरकारी विमा योजनेने केवळ चाचणीत सामील रुग्णांपुरताच खर्च उचलायचे ठरवले, आणि २०२४ मध्ये कंपनीने ते औषध सोडून दिले.

तेव्हा आपल्या जागी मी असतो तर हे प्रतिपिंड भित्तिपत्रकावर किंवा परिषदेत मांडण्याआधी संस्थेच्या पेटंट कक्षाकडे गेलो असतो, कारण अर्जाआधी जाहीर केलेल्या शोधाला युरोपात पेटंट मिळत नाही. त्याच आठवड्यात शुद्ध केलेले काही मिलिग्रॅम घेऊन एक भाग आम्लात तासभर, एक भाग ४० अंश सेल्सिअसला दोन आठवडे आणि एक भाग शक्य तितका दाट करून ठेवला असता, आणि गुठळ्या मोजल्या असत्या. आणि घट्टपणात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आलेली प्रतिपिंडे फ्रीझरमधून टाकून दिली नसती; आमच्या त्या प्रकल्पात तिसऱ्या क्रमांकाचे प्रतिपिंड आम्लात स्वच्छ राहत होते, हे आम्हाला वर्षभराने कळले.