एकटा शब्द उचलू नकोस

प्रिय मुली,

तुझा निबंध वाचला आणि सोबतची शब्दयादीही पाहिली. यादीत ‘नोटोरियस’पुढे तू ‘प्रसिद्ध’ लिहिलं आहेस आणि तोच शब्द निबंधात एका थोर शास्त्रज्ञाला लावला आहेस. ‘नोटोरियस’ म्हणजे कुप्रसिद्ध. तू विचारतेस, एवढं पाठ करूनही लिहिताना घोळ का होतो? पाठांतर कमी पडलेलं नाही. तू शब्द एकटे उचललेस.

इंग्रजी शब्द सोबत्यांसकट घ्यायचा असतो. ‘एव्हिडन्स’ घे. मराठीत ‘पुरावे’ चालतं, म्हणून आपली मुलं बिनधास्त ‘एव्हिडन्सेस’ लिहितात. पण त्याचं अनेकवचन होत नाही; एकच पुरावा सांगायचा तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’. तो ‘स्ट्राँग’ असतो आणि ‘द एव्हिडन्स सजेस्ट्स’ अशी वाक्याची सुरुवात करतो. एवढं कळलं की शब्द हाताशी आला. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, ‘अॅट्रिब्यूट’ला मात्र ‘टू’ हवाच. अर्थाच्या रकान्यात यातलं काहीच मावत नाही.

म्हणून दोन रकान्यांची वही आजच बंद कर. नव्या वहीत एका शब्दाला अर्धं पान दे. सर्वात वर जिथे तो भेटला ते वाक्य, जसंच्या तसं. त्याखाली शब्दकोशातून शोधलेले तीन सोबती. मग तुझ्या आयुष्यातलं, तुझ्या कॉलेजातलं, घरातलं एक वाक्य. अर्थ सगळ्यात शेवटी, तोही इंग्रजीत. शब्दकोश विद्यार्थ्यांसाठीचा घे. लाँगमनचा घेतलास तर त्यातल्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे अर्थाचा अर्थ शोधत बसावं लागत नाही.

दिवसाला पाच शब्द पुरेत. तू वीस करतेस आणि पंधरा विसरतेस, मग त्या विसाचा उपयोग काय? उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. नुसतं वाचून जायचं नाही. वाक्यातला शब्द बोटाने झाक आणि आठव. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, म्हणून पहिली उजळणी लवकर हवी.

शब्द आणायचे कुठून? वाचनातून. ‘अवघड 1000 शब्द’ अशा याद्यांतून नाही. पुस्तक निवडताना एक पान मोज. साधारण तीनशे शब्दांच्या पानावर सहाच्या आसपास अनोळखी शब्द असतील तर ते तुझ्यासाठी योग्य. पंधरा-वीस असतील तर बाजूला ठेव. संदर्भातून अर्थ लागणार नाही आणि तू पुन्हा एकटे शब्द उचलशील. यादीच हवी असेल तर भाषातज्ज्ञ अॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची अॅकॅडमिक वर्ड लिस्ट बघ. त्यात 570 शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत आणि अकरावी-बारावीच्या विज्ञान, अर्थशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत ती सारखी भेटतात. ‘सिग्निफिकंट’, ‘इन्फर’, ‘कन्सिस्ट’. दिसायला साधे, पण तुझं लिखाण हेच पेलतात. ‘प्लेथोरा’ आणि ‘मायरियड’ नंतर बघू.

धातू आणि उपसर्ग जरूर शिक. ‘स्पेक्ट’ म्हणजे बघणं हे कळलं की ‘इन्स्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’, ‘पर्स्पेक्टिव्ह’ एका ओळीत बसतात. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं नव्हे, चटकन पेटणारं. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अतिशय मोलाचं. इथेही वाक्यच सोडवतं.

समानार्थी शब्दांचा कोश तर निबंध लिहिताना उघडूच नकोस, निदान वर्षभर. ‘थिन’ला ‘स्लेंडर’ म्हटलं तर कौतुक होतं, ‘स्क्रॉनी’ म्हटलं तर अपमान, आणि कोशात दोन्ही शेजारी बसलेले असतात.

ही पद्धत फार मंद आहे असं तुझ्या मैत्रिणी म्हणतील. क्लासवालेही म्हणतील, कारण त्यांना महिन्याभरात काहीतरी मोजून दाखवायचं असतं. मी या बाबतीत हट्टी आहे आणि राहणार. पाच महिन्यांत तुझ्याकडे सातशे शब्द असतील, आणि लिहायला बसलीस की ते सोबत्यांसकट येतील. यादीतल्या दोन हजारांतले तुझ्या निबंधात किती नीट बसले, तूच मोज.

पुढचा निबंध आधी येतात त्या शब्दांत पूर्ण लिही. दुसऱ्या खर्ड्यात वहीतले फक्त तीन शब्द घाल आणि त्यांच्याखाली रेघ मार. वहीची पानंही पाठव, सोबती मी तपासून देते.

तुझ्या बाई