कायदेविषयक सल्ला: बॅगेतल्या खासगी वस्तू, सोबत सासूबाई आणि समोर स्कॅनर

प्रश्न: मी घणसोलीत राहते, वय 31. पती दुबईत नोकरीला आहेत. पुढच्या महिन्यात सासूबाईंबरोबर सहा महिन्यांसाठी तिकडे जाते आहे. सामानात सहेली या गर्भनिरोधक गोळ्या, इमर्जन्सी गोळीची दोन पाकिटं, कंडोमचे बॉक्स, 150 मिलीची जेलची बाटली आणि चार्जिंगवर चालणारा एक मसाजर (तुम्ही समजून घ्याल) न्यायचा विचार आहे. तिथल्या एका मैत्रिणीने गर्भपाताच्या गोळ्यांचं किटही मागवलं आहे. भीती अशी की मागच्या वर्षी बँकॉकहून परतताना कस्टम्सने असाच मसाजर काढून घेतला, ‘केस होईल’ असं दरडावलं, एका छापील इंग्रजी कागदावर सही घेतली आणि प्रत दिली नाही. माझ्यावर खरंच केस आहे का? या वेळी काय नेऊ, काय नको? आणि बॅग सासूबाईंसमोर उघडावी लागली तर?

उत्तर: मागच्या वर्षीचं आधी मिटवू, कारण बाकी सगळी धास्ती तिथूनच आलेली दिसते.

कस्टम्सने वस्तू घेतली की तिचा कागद व्हावा लागतो. सीमाशुल्क कायदा, 1962 मध्ये त्याचे दोन मार्ग आहेत. प्रवाशाने वस्तू स्वतःहून जाहीर केली आणि परदेशी जाताना परत नेईन म्हटलं, तर कलम 80 खाली ती अडकवून ठेवतात आणि पावती देतात. जप्त केली तर कलम 110 लागतं आणि पंचनामा होतो. त्यापुढे ती कायमची सरकारजमा करायची असेल, तर कलम 124 प्रमाणे कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस निघाली नाही, तर वस्तू परत करणं बंधनकारक आहे. वरिष्ठ अधिकारी लेखी कारण देऊन आणि तुम्हाला कळवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात, त्यापलीकडे नाही.

आता तुमच्या सहीचा मुद्दा. कलम 124 मध्ये एक पळवाट आहे: प्रवाशाने स्वतः विनंती केली, तर नोटीस आणि सुनावणी तोंडी चालते. म्हणून ‘मला लेखी नोटीस नको, तोंडी सांगितलेलं मान्य आहे’ असा मजकूर छापलेले फॉर्म तयार ठेवलेले असतात आणि दमलेला प्रवासी पहाटे तीनला त्यावर सही करून मोकळा होतो. तुमचा कागद बहुधा त्याच जातीचा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हक्क सोडून देणाऱ्या अशा छापील फॉर्मवर सडकून टीका केली आणि नैसर्गिक न्यायाच्या कसोटीला ते उतरत नाहीत असं ठरवलं. ती प्रकरणं मुख्यतः दागिन्यांची होती आणि दिल्लीचा निकाल मुंबईत बंधनकारक नसतो. तरी युक्तिवादाला तो भक्कम आधार आहे.

‘केस’ म्हणजे काय, तेही समजून घ्या. वाईटात वाईट धरलं तरी ही विभागांतर्गत कारवाई आहे: वस्तू सरकारजमा आणि कलम 112 खाली दंड. बंदी असलेल्या मालावरचा हा दंड मालाची किंमत किंवा 5,000 रुपये, यांतली जी रक्कम मोठी तिच्यापर्यंतच लावता येतो. पोलीस ठाणं, एफआयआर किंवा पासपोर्टवर शेरा यातलं काही त्यात येत नाही. पासपोर्ट अडतो तो फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल तर.

मुळात तो माल बंदीचा होता का, यावरही वाद घालता येतो. कस्टम्स ज्याचा आधार घेतं ती अधिसूचना 18 जानेवारी 1964 ची, क्रमांक 1. तिच्यात अश्लील पुस्तक, पत्रक, चित्र, आकृती किंवा वस्तू आयात करायला मनाई आहे. मसाजर तिच्यात कोंबायचा कस्टम्सचा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मोडून काढला. देशातल्या बाजारात खुलेआम विकला जाणारा बॉडी मसाजर केवळ अधिकाऱ्याला त्याचा ‘तसा’ उपयोग सुचतो म्हणून अश्लील ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. हा निकाल मात्र आपल्याकडे बंधनकारक आहे. पण वस्तूचा आकार किंवा खोक्यावरचं चित्र उघडच लैंगिक असेल, तर अधिकारी वेगळा मुद्दा काढेल, हे गृहीत धरा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 ची धमकीही मनातून काढा. ते कलम अश्लील वस्तूंची विक्री, वितरण, प्रदर्शन आणि त्यासाठीची आयात-निर्यात यांना लागतं. स्वतःच्या वापराची एक वस्तू जवळ असणं हा त्याखाली गुन्हा नाही.

आता या प्रवासाबद्दल. भारतातून बाहेर पडताना गोळ्या, कंडोम किंवा जेल यांवर कसलीही बंदी नाही, मग विमान मुंबईच्या सहार विमानतळावरून सुटो की नवी मुंबईच्या उलव्याहून. खरी अडचण उतरल्यावर आहे, कारण तिथे आपला कायदा आणि आपली न्यायालयं कामाची नाहीत.

मसाजर घरी ठेवा. यूएईत लैंगिक खेळणी सभ्यतेविरुद्धचा माल म्हणून अडवतात आणि दुबईत उतरल्यावर सामान पुन्हा एक्स-रेतून जातं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तिथल्या अधिकाऱ्यापुढे ठेवून उपयोग नाही. ‘मानदुखीसाठी आहे’ असं सांगायची कल्पना कोणी सुचवली असेल तर ती सोडा. वस्तूपेक्षा खोटं सांगणं जास्त महागात पडतं. थायलंडमध्येही अशा वस्तूंची विक्री आणि आयात बेकायदा आहे. मागच्या वर्षी तुमचं सामान तिथेच अडलं नाही, हे नशीब.

मैत्रिणीचं किट तर अजिबात नको. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भनिरोधकं नाहीत. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात ती नोंदणीकृत डॉक्टरने त्या स्त्रीला तपासून द्यायची औषधं आहेत. तुमच्या नावावर चिठ्ठी मिळवून दुसरीसाठी ती नेणं इथेही चुकीचं आहे, आणि यूएईत गर्भपातावर कडक बंधनं असताना तुमच्या बॅगेत ती सापडली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. मैत्रिणीला तिथल्या डॉक्टरकडे जायला सांगा. नकार द्यायला अवघड वाटत असेल, तर वकिलाने मनाई केली म्हणून सांगा.

सहेलीचं प्रकरण थोडं वेगळं आहे. कंडोम आणि नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या दुबईच्या फार्मसीत मिळतात, अधिकाऱ्याच्या ओळखीच्या असतात. सहेलीतलं औषध ऑर्मेलॉक्सिफिन, लखनौच्या सीडीआरआय या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेलं, सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने मिळतं ते. भारताबाहेर ते फारसं कोणी ओळखत नाही, आणि अनोळखी गोळी दिसली की प्रश्न सुरू होतात. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी लागेलच: लेटरहेडवर, इंग्रजीत, नोंदणी क्रमांकासह, रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच (लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर नसेल तर चिठ्ठीवरही नको), औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वेळा, किती महिने. पहिले तीन महिने आठवड्याला दोन आणि नंतर एक, असा या गोळीचा क्रम असतो. तुमचे ते तीन महिने संपले असतील, तर सहा महिन्यांना सव्वीस गोळ्या होतात. चिठ्ठीवरचा आकडा आणि बॅगेतला आकडा जुळू द्या. दहा-बारा जादा गोळ्यांपायी ‘विक्रीसाठी का?’ हा प्रश्न ओढवून घेऊ नका. पती तिथेच आहेत, तेव्हा त्यांना आरोग्य खात्याकडे मूळ नाव सांगून आधी विचारून ठेवू द्या आणि आलेलं उत्तर छापून सोबत घ्या.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. वारांच्या कप्प्यांची प्लास्टिकची डबी घरी सोयीची, विमानतळावर गैरसोयीची, कारण सुट्या गोळीवर ना नाव, ना बॅच, ना मुदत. स्ट्रिप कात्रीने कापली की बॅच आणि मुदत नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते, तेही टाळा. इमर्जन्सी गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, दोन पाकिटं मूळ खोक्यात, केमिस्टच्या बिलासह. सगळी औषधं हँडबॅगेत घ्या. चेक-इन बॅग हरवली तर सहेली तिकडे पैदा करता येणार नाही. कोडीन, ट्रॅमाडॉल असलेलं खोकल्याचं किंवा दुखण्याचं औषध कोणाच्याही पर्समध्ये असेल तर ते यूएईत नियंत्रित आहे, आधी परवानगी लागते.

जेलची बाटली चेक-इनमध्ये जाईल. हँडबॅगेत द्रव, जेल आणि एरोसोल यांना डब्यामागे 100 मिलीची मर्यादा आहे आणि सगळे डबे एक लिटरच्या पारदर्शक झिप पिशवीत बसले पाहिजेत. मोजतात ती बाटलीवर छापलेली क्षमता. 150 मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर उरलं असलं तरी ती टोपलीत जाते. हवेच्या दाबाने झाकणातून गळू नये म्हणून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा धरून झाकण पिळा. कंडोम कुठेही ठेवा, फक्त टोकदार वस्तूंशेजारी नको.

मसाजर या वेळी राहिला, पण गोवा किंवा दिल्लीला नेलात तर बॅटरीचा नियम कळून असावा. लिथियम बॅटरीचं उपकरण चेक-इनमध्ये असेल तर पूर्ण बंद आणि चुकून सुरू होणार नाही असं हवं; सुटी बॅटरी आणि पॉवर बँक फक्त हँडबॅगेत. बॅग बेल्टवर असताना आतून घुंघुं ऐकू आलं की ती बाजूला काढतात, तुमचं नाव पुकारतात आणि मग सगळ्यांसमोर चेन उघडते. ट्रॅव्हल लॉक असेल तर लावा, बॅटरी निघत असेल तर काढा.

सासूबाईंचं संकट खरं म्हणजे काउंटरवरच टळतं किंवा ओढवतं. एकत्र तिकीट असलं की घाईत सगळ्या बॅगांचे टॅग एकाच्या नावे निघतात. तसं झालं तर तुमच्या बॅगेसाठी बोलावणं सासूबाईंना येईल आणि आत सापडलेल्या वस्तूचा पहिला जाबही त्यांनाच विचारतील. ‘टॅग प्रत्येकीच्या नावे वेगळे करा’ असं आधीच सांगा आणि पावतीवरचं नाव वाचून घ्या. खासगी वस्तू एका अपारदर्शक पिशवीत, बॅगेत सगळ्यात वर ठेवा. तळाशी लपवल्या तर त्या शोधायला बाकीचं सामान टेबलावर पसरतं. बॅग उघडायला नकार देता येत नाही, नकार म्हणजे प्रवास रद्द. पडद्याआड किंवा महिला कर्मचाऱ्याकडून बॅग तपासा अशी विनंती करता येते, आणि शांतपणे केली तर ती बहुधा ऐकतात. पण तो हक्क म्हणून भांडू नका. हक्क आहे तो अंगझडतीबाबत: कस्टम्स कायद्याच्या कलम 102 प्रमाणे स्त्रीची झडती स्त्रीच घेते, आणि झडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करता येते.

जाता जाता सासूबाईंचा फराळाचा डबाही बघून घ्या. अनारशांवर खसखस असते आणि यूएईत खसखशीला अमली पदार्थांच्या यादीतली मनाई आहे. तुमच्या गोळ्यांपेक्षा त्या डब्याची मला जास्त काळजी वाटते.

परतीच्या वेळी पुन्हा कोणी वस्तू ठेवून घेतली, तर पावती किंवा पंचनाम्याची प्रत मागा आणि न वाचता सही करू नका. सही करावीच लागली तर हाताने लिहा: ‘प्रत मिळाली नाही, लेखी नोटीस हवी.’ पैसे मागितले तर देऊ नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपास यंत्रणेकडे कळवलं तरच सुटका आहे. कस्टम्स केंद्राचं खातं, त्यामुळे तक्रार सीबीआयकडे.

मागच्या प्रकरणासाठी आजच केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्या विमानतळाच्या कस्टम्स आयुक्तालयाला विमान क्रमांक, तारीख आणि तुमचा पासपोर्ट क्रमांक देऊन एवढंच विचारा: माझ्या नावे पावती, पंचनामा, लेखी नोटीस नको असा सही केलेला फॉर्म किंवा आदेश आहे का, असल्यास प्रती द्या. आदेश निघाला असेल, तर तो मिळाल्यापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. त्यापुढे लोक सवयीने कस्टम्सच्या अपील न्यायाधिकरणात जातात आणि महिने घालवतात. प्रवासी सामानाच्या बाबतीत तो दरवाजा बंद आहे. कलम 129 डीडी खाली तीन महिन्यांत केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज (आदेश पुन्हा तपासून बघा असा अर्ज) करावा लागतो. काहीच नोंद नाही असं उत्तर आलं, तर ते पत्र जपून ठेवा. या उत्तरासाठी तिकीट पुढे ढकलायची गरज नाही.