‘मॅडम, शब्द पुरत नाहीत’

असाइनमेंट जमा करायची तारीख जवळ आली की इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) अभ्यासकेंद्रावर ही तक्रार हमखास कानावर येते. उत्तर येतंय, पण पाचशे शब्द मागितलेत आणि दोनशेतच सगळं संपतं. विद्यार्थी बहुतेकदा स्वतःचे उपाय घेऊनच आलेले असतात. अक्षर मोठं काढायचं, एकच वाक्य फिरवून फिरवून लिहायचं, नाहीतर अभ्यासपुस्तिकेतली पानं जशीच्या तशी उतरवायची. या तिसऱ्या उपायाची मला खरी काळजी वाटते. रात्र रात्र जागून हात दुखेपर्यंत लिहितात आणि परीक्षेच्या वेळी त्यातलं काहीच आठवत नाही.

बारामती भागातल्या एका अंगणवाडी सेविका ताईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). लग्नानंतर सुटलेलं शिक्षण त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं. बी.ए., विषय इतिहास, माध्यम हिंदी. प्रश्न होता रयतवारी पद्धत (इंग्रज सरकारने जमिनीचा सारा, म्हणजे कर, थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत) आणि तिचे परिणाम, 20 गुणांचा, सुमारे 500 शब्दांत. त्यांचं उत्तर पाऊण पानात आटोपलं होतं. “येतं तेवढं लिहिलं, मॅडम. आता पाणी किती घालू?”

वाचलं. चूक एकही नव्हती. मधल्या एका वाक्याचा अर्थ होता, ‘या पद्धतीमुळे शेतकऱ्यांवर वाईट परिणाम झाला.’ त्यावर बोट ठेवून विचारलं, “वाईट म्हणजे नेमकं काय झालं, ताई?”

“सारा रोख भरायचा. पीक बुडालं तरी भरायचा. घरात रोकड नाही, मग सावकार.”

“सावकार कर्ज द्यायला तयार कसा व्हायचा?”

इथे त्या अडल्या. पुस्तिका उघडली, दोन पानं चाळली. “जमीन खातेदाराच्या नावावर झाली ना! गहाण ठेवता यायला लागली.” आणि मग एकदम, “म्हणजे आमच्या सुप्याचा दंगा यातूनच झाला!”

मी म्हटलं, आत्ता बोललात तेच लिहा, आणि आधी मराठीत लिहा. हिंदी नंतर करू. त्यांनी तिथेच बसून लिहिलं:

‘सारा रोखीत भरावा लागे आणि पीक बुडालं तरी माफी सहज मिळत नसे. त्यामुळे शेतकरी सावकाराकडे जाई. जमीन आता खातेदाराच्या नावावर असल्याने ती गहाण ठेवता येत होती आणि कर्ज थकलं की सावकार कोर्टातून हुकूमनामा आणून ती ताब्यात घेई. या असंतोषातून मे 1875 मध्ये सुपे येथे दंगा झाला. लोकांनी कर्जखतं जाळली. पुढे 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.’

सहा शब्दांच्या वाक्याचे साठेक शब्द झाले, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही. ‘इंग्रजांनी ही पद्धत आणली’ या वाक्याचंही तेच केलं. कोणी, कुठे, केव्हा? मद्रासकडे थॉमस मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याने. मुंबई इलाख्यात आधी प्रिंगल या अधिकाऱ्याची जमीनमोजणी फसली, मग 1835 पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी केली आणि सारा तीस वर्षांसाठी ठरवला. हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं. लिहायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

शब्दमर्यादेचा धाक वाटतो, कारण तो आकडा कशासाठी आहे हे मुलांना कुणी उलगडून सांगत नाही. याच अभ्यासक्रमाच्या असाइनमेंटमध्ये 500 शब्दांना 20 गुण, 250 ला 10 आणि 100 ला 6. म्हणजे किती खोलात जायचं हे त्या आकड्यातच सांगितलेलं असतं. शंभर शब्दांत ओळख पुरते, पाचशेत कारणं आणि परिणाम यायला हवेत. अंतिम निकालात असाइनमेंटचे 30 टक्के असतात, तेव्हा एवढा विचार करणं सोयीचंच आहे.

मोजायचं कसं, हेही विचारतात. एकेक शब्द मोजत बसू नका. आपल्या अक्षरात एका ओळीत साधारण किती शब्द बसतात ते पाहा आणि ओळींनी गुणा. ‘सुमारे’ लिहिलेलं असताना दहा-वीस शब्द इकडेतिकडे झाले तर जीव टांगणीला लावू नये.

ताईंचं उत्तर 470 च्या आसपास थांबलं. “उरलेले तीस?” मी म्हटलं, सांगायचं राहिलंय का काही? नाही म्हणाल्या. मग द्या तसंच.

पुढच्या, 250 शब्दांच्या उत्तरात मात्र त्या चारशेच्या पुढे गेल्या. प्रश्न 1857 च्या उठावाच्या कारणांचा, आणि सुरुवात प्लासीच्या लढाईपासून! पहिला सबंध परिच्छेद आम्ही काढून टाकला. उत्तर तरीही थोडं लांब होतं. उठाव पुढे कसा मोडला गेला ते शेवटी लिहिलं होतं. प्रश्नात ते विचारलंच नव्हतं, म्हणून तेही त्यांनी स्वतःच खोडलं.