'आहत' नाणी जखमी असतात का?

प्रश्न असा आला आहे: "प्राचीन नाण्यांवरच्या एका लेखात 'आहत नाणी' हा शब्द वाचला. आहत म्हणजे जखमी ना? मग नाणी जखमी कशी होतील? आणि आपण नाणी 'पाडतो' असं का म्हणतो? 'बनवतो' का नाही?"

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि दोन्हींचं उत्तर हातोड्यापाशीच मिळतं.

'आहत'मध्ये 'हन्' हा धातू आहे. आ + हन् म्हणजे ठोकणं, आघात करणं. 'आघात' हा याच घरातला. जखम होते ती ठोकल्यामुळे, पण त्यासाठी ठोकून घेणारा जिवंत असावा लागतो. 'हताहत'मधला आहत घायाळ असतो तो असा. 'भावना आहत झाल्या' हे बातम्यांतलं मराठी मला हिंदीच्या वळणाचं वाटतं. आपल्याकडे भावना दुखावतात. मूळ अर्थ पाहायचा तर गाण्याकडे जा. आहत नाद म्हणजे आघातातून निघणारा आणि अनाहत नाद म्हणजे आघातावाचून उमटणारा, संतांच्या अभंगांत भेटतो तो. तिथे कुणाच्या मनात जखम येत नाही.

आता हे नाणं हातात घेतल्यावर कसं दिसतं ते सांगतो. मगध-मौर्य काळातलं चांदीचं आहत नाणं पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा मला ते नाणं वाटलंच नव्हतं. पत्र्याचा वेडावाकडा कपटा, एक कोपरा कापलेला. ना राजाचा चेहरा, ना अक्षर. भिंगाखाली धरल्यावर एकेक खूण सुटी होत गेली: सूर्य, त्याच्याशेजारी सहा आऱ्यांचं चिन्ह, मग कमानींचा डोंगर, अशा मिळून पाच. एक खूण दुसरीच्या अंगावर चढलेली, एक कडेवर पडल्यामुळे अर्धीच. म्हणजे पाच खुणांचा मिळून एक ठसा नव्हताच. पाच वेगळे ठसे होते आणि प्रत्येकासाठी वेगळा घाव. कोपरा कापला होता तो वजनासाठी. चांदीचा पत्रा ठोकायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे तुकडे करायचे आणि तुकडा भारी भरला तर कोपरा छाटायचा. वजन ३२ रत्ती, म्हणजे ३२ गुंजा, साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. वजन नेमकं हवं, आकार कसाही चालेल, असा सगळा हिशेब.

'आहत' हा शब्द मात्र आजच्या अभ्यासकांनी पदरचा घडवलेला नाही. पाणिनीचं सूत्रच आहे: 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. 'रूप' या शब्दाला प्रत्यय लागून 'रूप्य' होतो तो दोन अर्थांनी: ज्यावर रूप ठोकून उमटवलं आहे ते, किंवा ज्याचं रूप वाखाणण्याजोगं आहे ते. त्यावरची काशिकावृत्ती आणखी उलगडून सांगते की ठोकण्याने दीनार वगैरेंवर जी आकृती उठते तिला आहत म्हणतात. देखणा पुरुष तो रूप्य आणि ठसा मारलेला कार्षापण, म्हणजे त्या काळचं नाणं, तोही रूप्य! आपला रुपया याच रूप्यातून आला.

इथे एक बारीक गोम आहे. काशिकेने उदाहरणाला दीनार घेतला. दीनार हे सोन्याचं नाणं, दोन ठशांमध्ये तबकडी ठेवून छापलेलं. म्हणजे जुन्या अर्थाने ठोकून उमटवलेलं कुठलंही नाणं आहतच. सुट्या सुट्या खुणांच्या नाण्यांपुरता हा शब्द आखडला तो अलीकडे, अभ्यासकांच्या परिभाषेत. सोयीचं आहे, माझी तक्रार नाही. पण म्हणून 'प्राचीन नाणी म्हणजे आहत नाणी' असं कुणी लिहिलं तर ते चूक. ओतीव नाणीही होतीच. हरियाणात रोहतकजवळच्या खोकराकोटला यौधेय या प्राचीन गणाच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले, आणि त्यांचा बारकाईने अभ्यास केला तो बिरबल साहनी यांनी, जे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ! वितळलेला धातू पन्हळींतून एकेका खाचेत उतरायचा. तिथे घाव नाही, म्हणून ती नाणी आहत नाहीत.

उलट काही नाण्यांनी दोनदा मार खाल्ला आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,०००हून जास्त. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. काहींवर नव्या खुणांखालून नहपानाचं नाक किंवा हनुवटी अजून डोकावते. अशा नाण्यांना कुणी 'पुनर्मुद्रित' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाल्यासारखा वाटतो. 'पुनराहत' म्हणायला काय हरकत आहे?

घावाची आठवण 'टांकसाळ'मध्येही आहे. टंकशाळेतला टंक म्हणजे छिन्नी आणि ठसा मारलेलं नाणंही. पाथरवटाची टाकी याच कुळातली. टंकलेखनातही अक्षराचा ठोका कागदावर बसायचाच.

आता 'पाडणे'. नाण्यावर छाप पडते. ती पाडणारा छाप पाडतो. त्यातली 'छाप' बोलता बोलता गळाली आणि 'नाणं पाडलं' उरलं, अशी एक उपपत्ती देता येते. पण मग आपण विटाही पाडतो आणि जिलब्याही पाडतो, तिथे छाप कुठली? मला वाटतं, एका गोळ्यातून किंवा घाण्यातून एकसारखे नग एकामागून एक सुटे करत जायचे, ते 'पाडणे'. म्हणूनच ठोकलेलं नाणंही पाडता येतं आणि ओतलेलंही. घाऊक लिहिणाऱ्याला आपण 'जिलब्या पाडतो' म्हणतो, त्यातला टोमणा याच अर्थावर उभा आहे.

राहिलं 'बनवणे'. हे क्रियापद नाण्याच्या जवळ फार आणू नये. त्यापासून होणारं विशेषण 'बनावट' आहे.