दोघांची कंपनी आहे, प्लगइन विंडोज आणि मॅकवर चालतो. लिनक्ससाठीही काढावा का?

काढा. पण ‘लिनक्सवर चालतो’ असं मोघम लिहून काढू नका. ‘उबुंटू २२.०४ आणि २४.०४, इंटेल किंवा एएमडी ६४ बिट, व्हीएसटी३’ एवढंच लिहा आणि तेवढं काटेकोर पाळा. (उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार, व्हीएसटी३ हे प्लगइनचं प्रचलित रूप.)

तुम्ही विचारलंय की पुण्यात दोघं मिळून जूस या सी++च्या साधनसंचावर तानपुरा-लेहऱ्याचा प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत चालणारा जोड-प्रोग्राम) बनवता, विंडोज-मॅकवर विकता, आणि लिनक्सची मागणी करणारे मेल येतात. त्यांच्यासाठी वेळ घालवण्यात अर्थ आहे का. तुमच्या बाबतीत आहे, आणि त्याचं कारण तुमचं गिऱ्हाईक. तानपुरा लागतो तो गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाईंना, ललित कला केंद्रात शिकणाऱ्या मुलाला. त्यांच्याकडचा लॅपटॉप बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय५चा असतो. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो. ते यंत्र तानपुऱ्याचे चार आवाज वाजवायला अजून धडधाकट आहे. त्यावर लिनक्स टाकणारा माणूस हौशी प्रोग्रामर असेलच असं नाही. लॅपटॉप फेकवत नाही म्हणूनही तो लिनक्सकडे येतो.

प्लगइन उघडायला रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नाही, ही सबब आता चालत नाही. बिटविग २०१४मध्ये आला तोच लिनक्ससह, रीपर आणि वेव्हफॉर्म आहेत, आर्डर तर लिनक्सवरच वाढला, आणि स्टुडिओ वननेही २०२३मध्ये ६.५ आवृत्तीत लिनक्ससाठी चाचणी बिल्ड (कोडवरून बनवलेली चालती आवृत्ती) दिलं. व्हीएसटी३चं एसडीके (प्लगइन बनवायचं अधिकृत साहित्य) २०१७पासून लिनक्सला धरून आहे, जूस आवृत्ती ६पासून लिनक्सवर व्हीएसटी३ बनवतं. म्हणजे तुमचा ध्वनीचा कोड जवळजवळ आहे तसाच कंपाईल होईल. वेळ जातो तो बिल्ड नीट बांधण्यात, आणि पुढे येणाऱ्या मेलना उत्तरं देण्यात.

पहिली चूक बहुतेक जण इथेच करतात: स्वतःच्या नव्याकोऱ्या उबुंटू २४.०४वर बिल्ड करतात. त्यात जीलिबसी (लिनक्सवरचे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती मूळ लायब्ररी) २.३९ असतं. तिथे कंपाईल केलं की आकडा वाचणारं साधं ‘स्ट्रटॉल’सुद्धा २.३८मधल्या नव्या नावाला जाऊन चिकटतं. मग २२.०४वर, जिथे जीलिबसी २.३५ आहे, फाईल लोडच होत नाही. वाईट भाग असा की गिऱ्हाईकाला धड चूकही दिसत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर स्कॅन करतं आणि यादीत प्लगइन येत नाही, बस. तो मेल करतो ‘दिसत नाही’, आणि तुम्ही दोन दिवस फोल्डर कुठला, परवानगी काय, हेच विचारत बसता. म्हणून बिल्ड कायम २२.०४च्या डॉकर कंटेनरमध्ये (तुमच्याच यंत्रावरच्या बंदिस्त उबुंटूत) करा. तिथे बनलेली फाईल डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवरही (जीलिबसी २.३६) चालते. तयार ‘एसओ’ फाईल (प्लगइनचा खुद्द प्रोग्राम) ‘ऑब्जडम्प’ या तपासणीच्या साधनाला देऊन त्यात जीलिबसीचा सगळ्यात मोठा आकडा कोणता दिसतो ते बघा, २.३५च्या वर काही दिसलं तर पाठवू नका. गिऱ्हाईकाच्या बाजूने तपासायचं तर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवायला सांगा. कुठली आवृत्ती किंवा लायब्ररी सापडली नाही ते एका ओळीत कळतं.

याच टप्प्यावर जूसचे दोन स्विच बंद करा: वेब ब्राउझर आणि कर्ल (नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी). प्लगइनमध्ये वेब पान दाखवत नसाल तर वेबकिट या पानं दाखवणाऱ्या लायब्ररीचं ओझं कशाला? उबुंटू २४.०४मध्ये वेबकिट-जीटीकेची जुनी ४.० मालिका उरलेली नाही, ४.१ आहे, अशा एका लायब्ररीवरून सगळा प्लगइन अडू शकतो. सी++ची स्टँडर्ड लायब्ररी आत जोडून घ्या आणि सिम्बॉल (कोडमधली आतली नावं) बाहेर दिसणार नाहीत असं कंपाईल करा. एकाच प्रोसेसमध्ये दहा कंपन्यांचे प्लगइन बसतात. नावांची टक्कर झाली की क्रॅश दुसऱ्याचा आणि शिव्या तुम्हाला, असं होतं.

आता आपल्या भाषेचा प्रश्न, जो परदेशी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही. तुमच्या प्लगइनमध्ये पहिल्या तारेसाठी पंचम, मध्यम, निषाद असे पर्याय मराठीत असणार. जूस ७ आणि त्याआधी लिनक्सवर अक्षरं जोडणीविना एकामागे एक मांडली जायची. त्यामुळे ‘निषाद’ची वेलांटी न-च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘मध्यम’मधल्या ध-चा पाय मोडलेला दिसतो आणि य वेगळा पडतो. ‘पंचम’ तेवढा बरा दिसतो, म्हणून घाईत तपासलं तर चूक नजरेतून सुटते. २०२४च्या जूस ८पासून अक्षरं नीट जोडणारं हार्फबझ आत आलं आणि हे सुधारलं; तेव्हा लिनक्स काढायच्या आधी जूस ८वर या. शिवाय गिऱ्हाईकाच्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट असेलच हे गृहीत धरू नका, नाहीतर सगळीकडे चौकोन दिसतील. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ प्लगइनमध्येच भरा.

फाईलींच्या नावांकडेही असंच बारकाईनं बघा. काळी एक, पांढरी चार, काळी पाच अशा पट्ट्यांचे सॅम्पल रोमन नावाने ठेवले असतील आणि कोडमध्ये ‘के’ मोठा, डिस्कवर लहान असेल, तर विंडोज आणि मॅक ते चालवून घेतात. लिनक्ससाठी त्या दोन वेगळ्या फाईली. लक्षण ठरलेलं: प्लगइन उघडतो, बटणं फिरतात, आवाज नाही, किंवा अकरा पट्ट्या वाजतात आणि काळी पाच गप्प. सगळी नावं लहान अक्षरात करा आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक बिल्डला जुळणी तपासा. सॅम्पल कुठे ठेवायचे हेही ठरवा. जूसला ‘वापरकर्त्याचा डेटा’ मागितलात तर लिनक्सवर तो होममधलं लपलेलं ‘कॉन्फिग’ फोल्डर देतो, जिथे दोन जीबी टाकणं म्हणजे लोकांच्या बॅकअपची वाट लावणं. होमच्या ‘लोकल’खालच्या ‘शेअर’मध्ये स्वतःचं फोल्डर करा.

इन्स्टॉलर बनवू नका. दाबलेली एक फाईल, आत व्हीएसटी३चं फोल्डर, आणि दोन ओळींची सूचना: हे होममधल्या लपलेल्या ‘व्हीएसटी३’ फोल्डरमध्ये टाका. रूटचा (यंत्राच्या प्रशासकाचा) पासवर्ड लागत नाही. फोल्डरचं नाव बदलू नका हे ठळक लिहा, कारण आतल्या ‘एसओ’ फाईलचं नाव बाहेरच्या फोल्डरशी जुळावं लागतं; कुणी मागे ‘नवीन’ जोडलं की प्लगइन गायब. फ्लॅटपॅकमधून, म्हणजे बंदिस्त डब्यात, बसवलेल्या सॉफ्टवेअरला यंत्राचं ‘यूएसआर’ फोल्डर दिसत नाही, म्हणूनही होमच बरं.

परवान्याचा प्रश्न विचार करून सोडवा. आयलॉक ही परवाने सांभाळणारी यंत्रणा लिनक्सवर नाही. यंत्राच्या ओळखक्रमांकाला किल्ली बांधलीत तर लिनक्सवाला माणूस वर्षातून दोनदा सिस्टिम नव्याने टाकतो आणि दोनदा तुम्हाला मेल करतो. ईमेलवर बांधलेली, सही केलेली छोटी परवाना-फाईल पुरेशी आहे, आणि ती इंटरनेटशिवाय चालू द्या. कार्यक्रमाच्या आधी ग्रीनरूममध्ये नेट नसतं.

चाचणीसाठी ‘प्लगइनव्हल’ हे प्लगइन तपासायचं साधन कडक पातळीवर चालवा, बिल्डच्या सर्व्हरवर पडदा नसतो म्हणून ‘एक्सव्हीएफबी’ या आभासी पडद्याखाली. त्यानंतर रीपर आणि बिटविगमध्ये हाताने: उघडा, बंद करा, पुन्हा उघडा, खिडकी ताणा. जूस न वापरता स्वतःची खिडकी बनवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: लिनक्सवर घटना (क्लिक, टायमर वगैरे) वाटून देणारी सामाईक यंत्रणा नाही. व्हीएसटी३मध्ये टायमर आणि फाईल-डिस्क्रिप्टर होस्टच्या, म्हणजे प्लगइन उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, घटना वाटणाऱ्या रनलूपकडे नोंदवावे लागतात, आणि खिडकी बंद होताना नोंदणी काढावी लागते. ती काढायची राहिली की दुसऱ्यांदा उघडताना सगळं कोसळतं.

‘आवाज उशिरा येतो’ आणि ‘टकटक होते’ हे मेल येणारच. लिनक्सवर आवाज हाताळणारं पाईपवायर मुळात १०२४ सॅम्पलच्या तुकड्यांत काम करतं. ४८,००० हर्ट्झला ते सुमारे २१ मिलिसेकंद झाले. तानपुऱ्याला चालतात. पण पॅडवर लेहऱ्याची सुरुवात करणाऱ्याला खुपतात. २५६ केलं तर ५.३, १२८ला २.७ मिलिसेकंद, वर ऑडिओ इंटरफेसचा (माइक-स्पीकर लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राचा) वेळ वेगळा. टकटक झाली तर आधी बघायचं की माणूस ‘ऑडिओ’ गटात आहे का, त्या गटाला रिअलटाइम प्राधान्य दिलंय का, आणि प्रोसेसर वीजबचतीच्या तालात तर नाही ना. रिअलटाइमचा पॅच २०२४मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१२मध्ये मूळ प्रवाहात आला, पण तानपुऱ्यासाठी वेगळं कर्नल टाकायला कुणाला सांगू नका. मेलच्या उत्तराचा साचा करून ठेवा: डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) आणि आवृत्ती, सॉफ्टवेअर कुठून बसवलं, आणि पाईपवायरचं ‘पीडब्ल्यू-टॉप’ आवाज वाजताना काय आकडे दाखवतं.

‘वाईनमधून विंडोजचंच वापरा’ असं उत्तर मात्र देऊ नका. वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन. वाईनवरून विंडोजचे प्लगइन जोडणारं याब्रिज उत्तम साधन आहे, पण तुमच्या हातात नाही. वाईन ९.२२ आलं आणि याब्रिजमधल्या प्लगइनमध्ये माऊस एकीकडे, क्लिक भलतीकडे असं होऊ लागलं, लोक ९.२१ला अडकून बसले. पैसे घेऊन विकलेल्या वस्तूचा भरवसा अशा जोडणीवर ठेवणं गिऱ्हाईकावर अन्याय आहे.

हेच उत्तर सगळ्या कंपन्यांना लागू नाही. वीस वर्षांचा विंडोजचा कोड असलेलं मोठं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उचलून लिनक्सवर आणणं प्रचंड काम आहे आणि मी त्यांच्याकडे हट्ट धरणार नाही. इंटरफेस बनवणाऱ्यांकडे मात्र धरतो: यूएसबी ऑडिओच्या प्रमाण वर्गात बसणारं यंत्र काढा आणि मिक्सरची माहिती उघड करा, मग ड्रायव्हर लिहायला माणसं पुढे येतात. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेच्या मिक्सरचं नियंत्रण तर माणसांनी स्वतः उलगडून कर्नलमध्ये आणलं. फ्रीबीएसडी, हायकू वगैरे आणखी छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तुम्ही दोघांनी वेळ घालवू नये.

सुरुवात अशी करा: चाचणी आवृत्ती फुकट नको, आत्ताच्या गिऱ्हाईकांना त्याच परवान्यावर द्या, कारण मेल करणाऱ्यांपैकी काहींनी प्लगइनचा विंडोजवरचा परवाना आधीच घेतलेला असेल. शेजारी ‘चाचणी’ असं लिहा आणि ती पाटी कधी उतरणार त्याची तारीखही लिहा. त्या तारखेपर्यंत जमलं नाही तर आवृत्ती मागे घ्या आणि तसं मेलने कळवा.